टचिंग न केलेला फोटो

माझा भाऊ फोटोग्राफर आहे आणि त्याला एकच डोळा आहे, हे ऐकलं की लोकांना आधी हसू येतं आणि मग हसलो म्हणून ते ओशाळतात. ओशाळायचं काही कारण नाही. तो स्वतःच हसायचा. "फोटो काढताना इतरांना एक डोळा मिटावा लागतो, मला तेवढेही कष्ट नाहीत," असं गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवता बसवता सांगायचा, आणि गिऱ्हाईक हसलं की तेवढ्यात बटण दाबायचा. बाजारात त्याला सगळे नेमबाज म्हणतात. डावा डोळा काचेचा आहे, पण रंग इतका बेमालूम जुळलाय की सांगितल्याशिवाय कळत नाही.

तो डोळा कसा गेला, ही गोष्ट आमच्या घरात ठरलेली होती. दादा दोन वर्षांचा असताना अंगणात खेळत होता आणि शेजारच्या पोराच्या हातातली काठी लागली. आई हे इतक्यांदा आणि इतकं रंगवून सांगायची की मी त्याच्यानंतर जन्मलेली असूनही ती काठी मला डोळ्यांसमोर दिसायची. काठीला टोक होतं. पोरगं घाबरून पळालं. पुढे ते बिऱ्हाडच तिथून उठून गेलं. लहानपणी मी त्या पोराला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या आहेत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्टुडिओ आम्हा दोघांचा. तो आत, मी काउंटरवर, कारण दोघांपैकी पैसे मागायचं तोंड माझ्याकडे आहे. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे स्टूल, छत्र्या लावलेले दोन दिवे, आरसा आणि आरशाशेजारी दोरीने बांधलेला कंगवा. लोक स्वतःचे फोटो न्यायला विसरतात, आमचा कंगवा मात्र आठवणीने नेतात, म्हणून ती दोरी.

दादाचं खरं कसब फोटो काढण्यात नाही, टचिंगमध्ये आहे. आधी बारीक कुंचल्याने करायचा, नंतर संगणकावर करायला लागला. पुरळ घालवायचं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं उजळायची, हनुवटी जरा आत घ्यायची. फ्लॅशने डोळ्याची बाहुली लाल येते, ती काळी करायची आणि तिच्यावर चमकेचा इवलासा ठिपका ठेवायचा, म्हणजे माणूस जिवंत वाटतो. डोळे करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. "आरशातला स्वतःचा चेहरा कुणालाच पसंत नसतो, म्हणून तर आपली चूल पेटतेय," असं म्हणायचा.

त्याचं लग्न उशिरा जमलं. काचेच्या डोळ्याचा विषय निघाला की आई लगेच ती काठी बाहेर काढायची, तरी स्थळं मागे जायची. शेवटी वहिनी आली. पाहायला गेलो तेव्हा तिने दादाला सरळ विचारलं, "तुम्हाला मी पूर्ण दिसते ना?" तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "मग झालं तर." मला तेव्हाच ती आवडली.

मग मुलगी झाली. नाक सदऱ्याच्या बटणाएवढं, म्हणून तिला सगळे बटण म्हणू लागले. तिचे इतके फोटो निघाले की विचारू नका. झोपलेली, रडणारी, पालथी पडलेली, कंगव्याची दोरी चघळणारी. दादा सगळी कामं बाजूला ठेवून ते फोटो नीट करत बसायचा आणि मी बाहेर गिऱ्हाइकांना थापा मारायचे, की मशीन बिघडलंय.

तिला वर्ष व्हायच्या आधीपासूनच त्या फोटोंत एक गोष्ट यायला लागली. उजवी बाहुली लाल यायची, सगळ्यांची येते तशी. डावी पांढरी यायची, दुधाचा थेंब सांडल्यासारखी. "फ्लॅश तिरका बसतोय," दादा म्हणायचा. छत्री हलवून बघायचा, दिवा मागे घ्यायचा. तरी आलीच, तर दोन्ही बाहुल्या सारख्या काळ्या करायचा, दोन्हींत चमक ठेवायचा आणि फोटो पूर्ण करायचा. हातानं होणारं काम होतं, डोकं त्यात लागतच नव्हतं.

वहिनीला ते फोटोशिवाय दिसलं. एका संध्याकाळी बटणला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. "अहो, हिचा डावा डोळा मांजरासारखा चमकतोय, बघा ना."

"उजेड पडला की चमकणारच," दादा म्हणाला. "आता डोळ्यांतला उजेडही तूच मला शिकव."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तशीच टाकून ती स्वयंपाकघरात गेली. आत नळ बराच वेळ वाहत राहिला.

पुढे बटण चालायला लागली. उन्हात आली की डावा डोळा घट्ट मिटून घ्यायची. दादाला कोण आनंद! "बघा, नेमबाजाची पोर!" चहावाल्यापासून घड्याळजीपर्यंत सगळे म्हणायचे, बापावर गेली हो. तिलाही ते कळायला लागलं. कुणी हाक मारली की ती मुद्दाम डोळा मिटून दाखवायची आणि सगळी दुकानं हसायची.

दुसऱ्या वाढदिवसानंतर तो डोळा लाल झाला, सुजला, आणि ती दुखण्याने रात्रंदिवस रडायला लागली. जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि आम्हाला तडक मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बटणला भूल देऊन तपासलं आणि आम्हा सगळ्यांना आत बोलावलं. बटण दादाच्या मांडीवर गुंगीत होती. डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर आहे, त्या म्हणाल्या. डाव्या डोळ्यात मोठी गाठ आहे, उजव्यात बारीक ठिपके आहेत. ज्या मुलीला अजून धड 'कंगवा' म्हणता येत नव्हतं, तिला कॅन्सर.

"जुने फोटो आहेत का?" त्यांनी विचारलं. "हा आजार बऱ्याचदा आधी फोटोत दिसतो. एक डोळा लाल येतो, एक पांढरा. कधीपासून आहे त्याचा अंदाज येईल."

फोटोंना काय तोटा? वहिनीच्या फोनमध्ये सगळे होते, दादाने पूर्ण केलेले. बाईंनी एकेक पाहिला, मोठा करून पाहिला. "नवल आहे," त्या म्हणाल्या. "एकातही काही नाही. म्हणजे गाठ अगदी अलीकडे, फार झपाट्याने वाढली असावी."

मी वहिनीकडे पाहिलं. तिने श्वास सोडला होता. कुणाचीच चूक नव्हती, कुणालाच आधी कळण्यासारखं नव्हतं. दादा गप्प बसला असता तर ती गोष्ट तिथेच मिटली असती. माझा भाऊ कसा माणूस आहे असं कुणी विचारलं, तर मी पुढचं एवढंच सांगते.

"दिसत होतं," तो म्हणाला. "सगळ्या फोटोंत होतं. मी काढून टाकलं."

"काढून टाकलं म्हणजे?"

"टचिंग केलं."

बाईंना समजायला जरा वेळ लागला. मग त्या त्याच्याकडे नीट पाहू लागल्या, आणि त्यांचं लक्ष त्याच्या डोळ्याकडे गेलं. "हा डोळा कशाने गेला?"

"लहानपणी काठी लागली."

"किती लहान होतात?"

"दोन वर्षांचा."

बाईंनी नजर आईकडे वळवली. आई पिशवी पोटाशी धरून भिंतीकडेच्या खुर्चीत बसली होती. "आजी, काठीच लागली होती ना?"

आई पिशवीकडे बघत म्हणाली, "काठी नव्हती. गाठ होती. डोळा काढला नाही तर मूल जाईल म्हणाले. आणि... याला पुढे मुलंबाळं झाली की जन्मल्याबरोबर त्यांचे डोळे तपासून घ्या, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं."

वहिनी उठली. तिने दादाच्या मांडीवरून बटणला उचललं आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं. गाठी होऊ नयेत म्हणून पेशींच्या वाढीला आवर घालणारं एक जनुक असतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दादाची एक प्रत जन्मापासून बिघडलेली. दुसरी धड असते तोवर निभावतं, पण डोळ्याच्या पडद्यातल्या एखाद्या पेशीत तीही बिघडली की ती पेशी मोकाट सुटते.

"म्हणजे निगेटिव्हवर ओरखडा असला की प्रत्येक प्रिंटवर येतो, तसं," दादा म्हणाला.

"प्रत्येक नाही. निम्म्यांवर. तुमच्या मुलीला धड प्रतही मिळू शकली असती." पुढचं त्या थांबून बोलल्या. "आणि जन्मल्याबरोबर कळलं असतं, तर गाठ बारीक असतानाच लेझरने जाळता आली असती."

सगळ्यांची रक्तं तपासली. दादात ते होतं, बटणमध्ये होतं. माझ्यात नव्हतं आणि आईतही नव्हतं. बाबांकडून आलं की दादातच पहिल्यांदा उगवलं, हे सांगायला बाबा उरले नव्हते. माझा निकाल हातात घेऊन मी जिन्यात बसून रडले. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

त्या दिवशी घरी मी आईवर तुटून पडले. मी कडू बोलते, हे सगळ्यांना माहीत आहे; त्या दिवशी मी कडूपणाची हद्द केली. आईने सगळं ऐकून घेतलं. "मुलगी कोण देणार होतं त्याला?" एवढंच म्हणाली. "मला वाटलं, डोळा काढला, रोग गेला. नात झाली, तर इतकी गुटगुटीत, हसरी. म्हटलं कशाला जुनं उकरून काढा."

"आणि वहिनी डोळा चमकतोय म्हणाली तेव्हा?"

आई पदराशी चाळा करत राहिली. "तेव्हापासून रोज ठरवत होते, उद्या सांगीन."

डावा डोळा काढावा लागला. पट्टी सुटली आणि काचेचा डोळा बसवला तेव्हा बटणने आरसा मागितला. बराच वेळ स्वतःला न्याहाळलं, मग दादाकडे वळून म्हणाली, "बाबा, आता मीपण नेमबाज." दादा हसला. तिच्यासमोर हसला. मग पाणी आणतो म्हणून बाहेर गेला आणि रुग्णालयाच्या जिन्याखाली भिंतीवर डोकं आपटून घेताना मला सापडला.

औषधांनी उजवा डोळा टिकला. पण रोग डाव्या डोळ्याच्या नसेवाटे मेंदूकडे आधीच निघून गेला होता. चौथं लागायच्या आत बटण गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही आणि मी लिहिणार नाही.

स्टुडिओ काही काळ बंद राहिला. दादा जेवायचा, झोपायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. वहिनी त्याच्याशी कामापुरतं बोलायची आणि आईशी तेवढंही नाही. एके दिवशी ती स्टुडिओत आली. सगळं झाल्यापासून पहिल्यांदाच.

"तिचा एक फोटो हवाय. भिंतीवर लावायला."

दादाने संगणक उघडला. बटण स्टुलावर बसलीय, दोन्ही हातांत कंगवा, दोरी ताणलेली, तोंडभर हसू. दोन्ही डोळे काळेभोर, दोन्हींत चमक.

"हा नको. याच्या आधीचा."

मूळ फोटो पुसायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. दादाने तो शोधून काढला. तेच हसू, तोच कंगवा. एक डोळा लाल, एक पांढरा. तो अगदी हळू म्हणाला, "लाल तेवढं काढू?"

"काही काढायचं नाही," वहिनी म्हणाली. "ही माझी मुलगी आहे. बाकीच्या फोटोंतली तुम्ही केलेली आहे."

दादाने प्रिंट काढली. फ्रेम मी बसवली. फोटो घरात दारासमोरच्या भिंतीवर लागला. आल्यागेल्याला आधी तोच दिसतो. आईने त्या खोलीत बसणंच सोडलं. जाताना मान खाली घालून जायची.

काही महिन्यांनी आमच्या जुन्या घराशेजारची एक म्हातारी भेटायला आली. दादाला तिने लहानपणी खेळवलं होतं. सगळे होतो, म्हणून आईलाही येऊन बसावं लागलं. म्हातारीने डोळे पुसले, इकडचं तिकडचं बोलली आणि मग तिची नजर भिंतीवर गेली.

"पोरीच्या डोळ्यात हे पांढरं काय गं? काही लागलं होतं की काय?" मग दादाकडे वळून म्हणाली, "यालाही लहानपणी लागलं होतं, नाही का? काठी ना ती?"

वहिनी चहाचा कप हातात घेऊन थांबली. दादा जमिनीकडे बघत होता. मी तोंड उघडलं होतं, पण आईने हात वर करून मला थांबवलं. ती उठली, भिंतीपाशी गेली, आणि त्या फोटोकडे तिने पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं.

"काठी नव्हती ती," आई म्हणाली. "कॅन्सर होता. त्याचा तिला आला. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."