उजेडाकडे धरलेली डिग्री

नाशिक रोडला झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे एक काका उभे होते. मुलगी परदेशातून फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन आली होती. तिच्या वर्गात म्हणे सात-आठ देशांची मुलं होती. तिची डिग्री लॅमिनेट करायला आणली खरी, पण ती काकांच्या हातून सुटेना. त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, कागद कानाशी नेऊन हलकेच वाजवला, मग ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटला.

"काका, खरी आहे ना?" दुकानदार हसला.

"अहो, नोटांच्या प्रेसमध्ये जन्म गेला. हाताला सवयच लागलीये. आणि लॅमिनेशन राहू द्या, आवाज जाईल त्याचा." कागद तसाच वर धरून ते म्हणाले, "पोरीला विचारलं, एवढ्या लांब जाऊन शिकलीस काय? तर म्हणते, बाबा, उजेड. उजेड म्हणजे नक्की काय असतो, ते. आम्ही जन्मभर उजेडाकडे तोंड करून बसलो, पण बघितला तो कागदच."

पोरीपुढे आपण कमी पडलो, हे इतक्या कौतुकाने सांगणारा बाप मी पाहिला नव्हता.

त्यांनी डिग्री खाली घेतली. डोळे मात्र ट्यूबलाइटवरच राहिले.