आभाराचा बॅनर

वसईच्या एका कॉलेजात मी कायदा शिकवतो. त्यातला आंतरराष्ट्रीय कायदा हा माझा आवडता विषय होता. होता म्हणतो, कारण हल्ली त्याचं पुस्तक उघडलं तरी तोंड कडू होतं.

पहिल्याच तासाला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की राष्ट्रं करार करतात आणि बहुतेक वेळा पाळतात. तास संपल्यावर अर्नाळ्याची एक मुलगी टेबलापाशी आली. तिचे वडील मासेमारी बोटीवर खलाशी. बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली म्हणून शेजारच्या देशाच्या तुरुंगात होते.

"सर, बाबांची शिक्षा कधीच संपली. मग ते अजून आत का?"

मला चेव आला. शिक्षा भोगून झालेल्यांना परत पाठवायचं, हे दोन्ही देशांनी लेखी कबूल केलेलं. कलमांसकट चार पानी अर्ज लिहिला आणि तिला घेऊन एका पुढाऱ्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसाने पहिलं पान चाळलं आणि त्यावरच चहाचा कप ठेवला.

"कलमं राहू द्या, सर. सण आला, बोलणी सुरू व्हायची असली, की सोडतात. वडिलांचा एक फोटो द्या."

फोटो कशाला, ते महिन्याभराने कळलं. सुटकेच्या यादीत वडिलांचं नाव आलं आणि नाक्यावर बॅनर लागला. हात जोडलेला पुढारी भलामोठा, कोपऱ्यात तिचे वडील, वर 'प्रयत्नांना यश, जाहीर आभार'. तिच्या आईने घर रंगवून घेतलं. मग सीमेवर काहीतरी बिनसलं, दोन्हीकडे भाषणं झाली आणि सुटका बारगळली. बॅनर मात्र तसाच. मुलगी रोज त्याच्याखालून कॉलेजला यायची.

मी भांडायला गेलो. तो माणूस समोसा खात होता.

"असू दे ना, सर. पुढच्या खेपेला परत छापायला नको."

मला शिसारी आली. त्याची आली, त्या यादीची आली, सणासुदीला माणसं वाटणाऱ्या दोन्ही सरकारांची आली. माझी स्वतःची यायला दुसरा दिवस उजाडला. तासानंतर ती मुलगी परत टेबलापाशी आली.

"सर, ते सण, बोलणी... तुमाला पयल्या दिवसापासून माहीत होतं ना?"

"हो."

"मग आमाला सांगितलं का नाय?"

मी खरं तेच बोललो. म्हणालो, 'कायदा आणि राजकारण' हे पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात येतं.