सतरा उद्दिष्टं आणि आमचा वर्ग

प्रबंधात जे बसत नाही, ते किस्से म्हणून उरतं. माझा प्रबंध ऐंशी पानांत संपला. उरलेलं अजून संपत नाही!

एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षी माझा विषय होता, 'जागतिक शाश्वत विकासाबद्दल समाजकार्याच्या विद्यार्थ्यांची मतं'. गरिबी, भूक, पाणी अशी सतरा उद्दिष्टं जगाने ठरवलीयत. त्यांबद्दल वर्गातल्या प्रत्येकाची मुलाखत घ्यायची. मी चिपळूणहून आलेली, मुंबईत नाहूरला पेइंग गेस्ट. ओळखी व्हाव्यात म्हणून हा विषय घेतला, हे मात्र प्रबंधात लिहिलं नाही.

*

पहिला कांदिवलीचा सावंत. आजोबा गिरणीत होते, घरात अजून मालवणी. विचारलं, "सतरांतलं सगळ्यात महत्त्वाचं कुठलं?"

"भूक! दुसऱ्या नंबराक आसा ना? मग आधी जेवक तरी दी गो!"

कॅन्टीनला गेला. मी बाकावर वाट बघत बसले. तो ग्रुपबरोबर जेवून परस्पर घरी गेला.

*

प्रज्ञा कोळीवाड्यातली, आई मासळी विकते. समुद्री जीवनावर लेक्चर द्यायला आलेल्या पाहुण्यांनी वर्गाला विचारलं, "आपल्या खाडीत आता काय सापडतं?"

"प्लास्टिक, सर," प्रज्ञा म्हणाली. "जाळ्यात पहिलं तेच येतं. भाव तेवढा नाही त्याला!"

वर्ग हसला. प्रज्ञा नाही हसली. मधल्या सुट्टीत मी तिच्या शेजारी जाऊन बसले, तर म्हणाली, "आता याची पण मुलाखत घेणार का, यार?"

*

मानखुर्दच्या रुबिनाला भेटायला वेळच नसायचा. तिने उत्तर फोनवरच रेकॉर्ड करून पाठवलं. "शाश्वत विकास म्हणजे... ए थांब, पाणी आलं!" पुढे सात मिनिटं नुसता ड्रम भरल्याचा आवाज.

मी लिहिलं, 'उत्तर अपूर्ण.' गाइड मॅडमनी ते खोडून वर लिहिलं, 'पूर्ण आहे.'

*

सतरावं उद्दिष्ट भागीदारी. त्यावर आमचं चौघांचं प्रेझेंटेशन होतं: सावंत, प्रज्ञा, रुबिना आणि मी. त्या दिवशी फळ्यासमोर मी एकटीच!

सर म्हणाले, "भागीदार कुठे आहेत?"

"येतायत, सर."

शेवटच्या स्लाइडवर चौघांची नावं होती. ती मी मोठ्याने वाचली. टाळ्यासुद्धा पडल्या.

*

मुलाखती झाल्या. मॅडमनी माझी यादी हजेरीपटाशी ताडून बघितली.

"एक नाव राहिलंय गं."

"मॅडम, ते माझं."

"मग बरोबर आहे. संशोधक स्वतःला मोजत नाही."

त्या रविवारी सकाळी घरमालकीण काकू मुलुंडला लेकीकडे गेल्या. घरात मी एकटी. टेबलावर मोबाइल ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं. नाव, वय, गाव सांगितलं आणि स्वतःलाच पहिला प्रश्न विचारला.

वर्गातल्या मुलाखती दहा-बारा मिनिटांच्या. ही दोन तास चौदा मिनिटांची भरली!