वाऱ्याचा वाटा

इथे आखातात, अदलियातल्या कॅफेबाहेर ऑफिसातल्या युसुफने शिकारीसाठी विकत आणलेली बाटली दाबली. पांढरी पूड उडाली, वाऱ्याची दिशा कळली. मला मात्र चुलीचा वास आला.

लहानपणी गावाकडे रानडुकरांच्या पारधीला बाबांनी मला पहिल्यांदाच नेलं होतं. चुलीतल्या राखेची पुरचुंडी माझ्याकडे होती. चिमूट सोडली, तर राख डुकरं दडलेल्या झुडपांच्या जाळीकडेच निघाली.

"बाबा, वारा फिरला. त्यांना आपला वास जाईल."

सगळे गडी वळसा घालून पलीकडे गेले.

संध्याकाळी मटणाचे वाटे घालताना कुणीतरी म्हणालं, "पोरीला कसला वाटा?"

"वारा बघितल्याचा," म्हणत बाबांनी माझं पान भरलं. तेव्हा मला मटणाचं अप्रूप होतं, आता त्या शब्दांचं आहे.

युसुफने विचारलं, "तुमच्याकडे ही पूड कुठे मिळते?"

"आमच्या चुलीत," मी ताठ मानेनं म्हणाले.