डालग्यात बसणं

आमच्या टेंभुर्णीचं नाव टेंभुर्णीच्या झाडावरून पडलं, असं लहानपणापासून ऐकत आले. ते कुणी ठेवलं, कधी ठेवलं, कुणालाच ठाऊक नाही. पण एक नाव जन्माला येताना मी स्वतः पाहिलं आहे, आणि तेव्हा मला त्याचा भयंकर राग आला होता.

मी आर्किटेक्ट होऊन शहरात काम करत होते. एक दिवस गावच्या सरपंचबाईंचा फोन आला. "पोरींना अभ्यासाला जागा न्हाई. घरी टीव्ही, पाहुणे, भाकरी. अभ्यासिका बांधायचीय, नकाशा तू काढ."

जागा शाळेच्या मागची, मधोमध जुना लिंब. लिंब तोडा आणि चौकोनी हॉल बांधा, असंच सगळ्यांचं म्हणणं होतं. मी लिंब ठेवला आणि त्याच्याभोवती गोल इमारत काढली. लाल विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी; विटा सोडून सोडून रचल्यामुळे दोन्हींना जाळी. वारा आत यावा, ऊन बाहेर राहावं, रस्त्यावरच्याला आत बसलेल्या मुली दिसू नयेत. लिंबाच्या वर छत नाही, मोकळं आभाळ. प्लास्टर नाही, रंग नाही, घुमट तर नाहीच.

भिंती डोक्याच्या वर गेल्या, तसे माझे चुलते पाहायला आले. त्यांच्या जिभेला गावात जोड नव्हती. हात पाठीमागे बांधून त्यांनी इमारतीला एक चक्कर मारली आणि गवंड्यांच्या देखत म्हणाले, "काय बांधून राह्यली तू हे? कोंबड्या झाकायचं डालगं दिसतंय बिलकुल. पोरी काय कोंबड्या हायेत का डालून ठेवायला?"

गवंडी हसले. वेताच्या त्या पालथ्या टोपल्याखाली सांजेला कोंबड्या कोंडायच्या, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत चहाच्या हॉटेलापासून एसटीच्या थांब्यापर्यंत एकच शब्द झाला. मी रडवेली होऊन सरपंचबाईंकडे गेले. "प्लास्टर करून टाकू का? लोक नावं ठेवायलेत."

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठेवू दे की. नाव ठेवलं म्हंजे लोकानं निदान पाह्यलं तरी. तू वीट सोडू नको."

मी वीट सोडली नाही.

अभ्यासिका उघडली तेव्हा पंचायतीनं तिला एक लांबलचक संस्कृत नाव दिलं. पहिले काही आठवडे मोजक्याच मुली आल्या. मग वैशाख लागला, दुपारची लाइट जायला लागली, पत्र्याखालच्या घरांमध्ये बसवेना. मुली वह्या-पुस्तकं घेऊन यायला लागल्या. त्यांत चुलत्यांची नातही होती.

तिला जेवायला बोलवायला एका भर दुपारी काका आले. मी तेव्हा तिथंच होते. चपला काढून ते आत शिरले आणि थबकले. लिंबाच्या पारावर टेकले, टोपी काढली.

"लाइट तर न्हाई. मंग इतकं थंड कसं काय?"

"दोन भिंतींच्या मधी सावली राहते, काका. आतली गरम हवा वरून निघून जाते, तिच्या जागी जाळीतून वारा येतो."

त्यांनी तळहात विटेवर ठेवला, बराच वेळ ठेवला. मग तिथंच आडवे झाले आणि उन्हं कलेपर्यंत झोपले. घरून दुसरं माणूस बोलवायला आलं, तेव्हा डोळे न उघडताच म्हणाले, "पोरगी डालग्यात बसलीय. उठवू नका तिला."

मुली खो खो हसल्या. त्या दिवसापासून त्यांचं तेच सुरू झालं. कोण कुठं आहे? डालग्यात बसलीय. यंदा काय करणार? डालग्यात बसणार.

काकांची नात पोलिसात भरती झाली. गावानं तिची हलगी लावून मिरवणूक काढली, ती थेट अभ्यासिकेच्या दारापर्यंत. तिथं तिनं सरपंचबाईंना सगळ्यांसमोर सांगितलं, "ती जुनी पाटी काढा. डालगं लिहा."

अक्षरं मी काढली. लोखंडी सळया वेताच्या कांबींसारख्या एकमेकींतून विणल्या. जवळून नुसतं विणकाम, लांबून नाव. शहरातल्या प्रदर्शनात मांडलं असतं तर चार जाणकारांनी पाहिलं असतं. इथं अख्खं गाव मान वर करून वाचत होतं. नारळ कुणी फोडायचा, यावर काकांनी चर्चाच होऊ दिली नाही. "नाव म्या ठेवलंय," ते म्हणाले.

परवा जाफराबादहून जीपनं येत होते. शेजारची बाई दुसऱ्याच गावची. तिला मी मुलाबाळांचं विचारलं.

"लेक नर्सिंगच्या परीक्षेसाठी डालग्यात बसलीय."

"टेंभुर्णीला येते का?"

"न्हाई वो, घरीच. माडीवर."

"मग डालग्यात म्हणजे?"

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "म्हंजे ठाण मांडून अभ्यास करून राह्यली. तुमच्या शहरात न्हाई का म्हणत असं?"

"आणि तुमच्याकडं कधीपासून म्हणतात?"

"पहिल्यापासूनच की," ती ठामपणे म्हणाली.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि घर येईपर्यंत मला हसू आवरेना.