कोरी ठेवलेली ओळ

आमच्या आरोग्य कार्यालयाकडून एक अंदाज मागवला होता. सिल्वासा आणि आसपासच्या गावांत कॅन्सरच्या उपचारांनंतर आज किती माणसं जगत आहेत? आकडेवारीचं काम माझ्याकडे. नवे पेशंट किती, मृत्यू किती, याच्या नोंदी होत्या. उपचार संपवून घरी राहणाऱ्यांची नोंद मात्र कुणाकडेच नव्हती. साहेबांनी जुन्या पेशंटांची यादी काढली आणि म्हणाले, "एकेकाला फोन लावा."

माणूस आहे का, हे फोनवर विचारायचं कसं? "तब्येत कशी आहे त्यांची?" एवढं म्हणून मी थांबायचो. खेरडीच्या एका आजींनी स्वतःच फोन घेतला आणि आंब्याला मोहोर कसा आलाय ते सांगत बसल्या. सुरंगी गावातली एक मुलगी नुसती रडली. सायली गावच्या कारखान्यांतल्या कामगारांचे नंबर बहुतेक बंद. एकाचा खोलीतला सोबती म्हणाला, "तो गावले गया, साहेब. परत नाही आला." गावी गेला आणि पुढे? मी विचारायच्या आत त्याने फोन ठेवला.

तिसऱ्या पानावर माझ्या बायकोचं नाव होतं.

तीन वर्षांपूर्वी मुंबईला तिच्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. सिल्वाशात आम्ही "गाठ काढली" एवढंच सांगितलं होतं. आता पुढच्या आठवड्यात तिची तपासणी होती, आणि गेले काही दिवस ती भांडी घासताना मध्येच ओट्याला धरून उभी राहायची. मी बघायचो. विचारायचा धीर होत नव्हता. तिच्या नावापुढची ओळ मी कोरीच ठेवली.

गुरुवारी जेवून जागेवर आलो, तर शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी माझे राहिलेले नंबर लावत होती. यादीत नुसती नावं आणि नंबर होते, त्यामुळे त्यात माझं कुणी आहे हे तिला कळायचं कारण नव्हतं. लिहायला हात मोकळा राहावा म्हणून तिने स्पीकर लावला होता.

"ताई, आता काई त्रास आहे का?" तिने गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं.

"पाठ दुखते हो," पलीकडून माझ्या बायकोचा आवाज आला. "झोप लागत नाही. घरी बोलले नाहीये. हे फार घाबरतात."

मी फोन उचलला. "मी बोलतोय."

ती हळूच म्हणाली, "ऐकलंत का तुम्ही?"

"ऐकलं. उद्याच निघू मुंबईला."

"बरं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

मुलीने त्या नावापुढे 'हयात' लिहिलं आणि माझ्यासाठी पाणी आणलं.

मुंबईत रिपोर्टसाठी तीन दिवस थांबावं लागलं. त्या तीन दिवसांत आम्हा दोघांना नीट जेवण गेलं नाही. कॅन्सर हाडांत पसरलेला नव्हता. मणक्याची झीज निघाली.

परत आल्यावर अंदाज पूर्ण केला. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांना मृत धरावं, असं कार्यालयातला एकजण म्हणाला. मी नाही म्हटलं. "पत्ता लागला नाही" असा वेगळा रकाना केला आणि साहेबांना पटेपर्यंत वाद घातला.

हल्ली काही दुखलं की ती लगेच सांगते. मी अजून घाबरतो, तरी विचारतो, "कुठे? कधीपासून?"