लिव्याची एक दिवसाची फेरी

अण्णा, म्हणजे माझे वडील, अबुधाबीला आमच्याकडे आले तेव्हा आईला जाऊन आठ महिने झाले होते. तीन महिन्यांचा व्हिसा आम्ही हट्टाने काढला होता. पण आल्यापासून ते नवव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून राहायचे. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तरी तसेच बसायचे. खाली बाग होती, तिथेही जायला तयार नव्हते. तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाले, "तिकीट बदलून मिळतं का बघ. आधीचं."

"का हो? काही कमी पडतंय का?"

"कमी काही नाही गं. पण मी इथं करतोय काय, ते सांग."

आयुष्यभर एसटीत काढलेला माणूस. आधी ड्रायव्हर, मग डोळ्यांनी दगा दिल्यावर सांगलीकडच्या एका स्टँडवर वाहतूक नियंत्रक. गाडी आली, गाडी गेली, हे लिहिण्यात त्यांचे दिवस गेले होते. आमच्या घरात येणंजाणं काय ते लेकीच्या स्कूलबसचं.

त्याच आठवड्यात चौथीतल्या लेकीला अमिरातींचा नकाशा रंगवून न्यायचा होता. नवऱ्याने ऑफिसातून रस्त्यांचा मोठा नकाशा आणला आणि ती तो जमिनीवर पसरून बसली. अण्णा खुर्चीतून वाकून बघत होते.

"हे पार खाली कुठलं गाव गं?"

"लिवा. इट्स अ‍ॅन ओअ‍ॅसिस, आजोबा. खजुराची झाडं. आफ्टर दॅट देअर इज नथिंग."

"नथिंग म्हणजे?"

"ओन्ली सँड."

"पण रस्ता जातोय की तिथवर." अण्णा चष्मा लावून खाली बसले. गुडघ्यांमुळे ते जमिनीवर बसत नसत, हे त्या वेळी ते विसरले असावेत. "रस्ता संपतो त्या गावाला आमची मुक्कामी गाडी जायची. असल्या गावाला जाऊन यायला पाहिजे."

मी पटकन म्हणाले, "जाऊ या की. एका शुक्रवारी."

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीची पट्टी आणि दोऱ्याचं रीळ घेऊन ते नकाशावर अंतर मोजत होते. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर दोरा बसवायचा आणि मग तो ताणून पट्टीवर धरायचा. "जाऊन येऊन पाचशेच्या वर जातंय," ते म्हणाले. "एका दिवसात होईल. पण आखणी पाहिजे."

ती आखणी पुढे दोन आठवडे चालली. जुन्या वहीतलं पान आडवं धरून त्यांनी रकाने पाडले: ठिकाण, पोच, सुट, थांबा. सकाळी साडेपाचला घरून निघायचं, तारीफला डावीकडे वळायचं, मदिनत झायेदला चहा, साडेदहाला लिव्यात. तिथे पेट्रोल भरून पूर्वेकडची गावं बघायची आणि एक वाजता, काहीही झालं तरी, परत फिरायचं. लिव्याच्या पूर्वेच्या टोकापासून सरळ अबुधाबीकडे येणारी एक तुटक रेघ नकाशात होती. नवऱ्याच्या ऑफिसातला कोणीतरी म्हणाला होता की तो रस्ता आता झालाय. अण्णा म्हणाले, "कोणीतरी म्हणालं त्यावर गाडी घालायची नसते. त्या रस्त्यावर चालवणारा माणूस शोध."

असा माणूस मिना बंदराजवळच्या भाजीबाजारात सापडला. लिव्याच्या शेतांवरून काकड्या-टोमॅटो घेऊन येणारा एक पठाण पिकअपवाला. अण्णांचं हिंदी आणि त्याचं हिंदी यांत बरंच अंतर होतं, पण दोघेही ड्रायव्हर होते. मी भाजी घेऊन परतले तेव्हा ते पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून बोलत उभे होते. तुटक रेघेवर अजून खडी आहे, रस्त्यावर वाळू येते तिथे ब्रेक मारू नका, उंट दिसला की दुसराही मागे आहे असं समजा. शेवटी तो म्हणाला, "और चाचा, जुमे को बारह से पहले पहुँच जाना."

"उन्हाचं म्हणतोय," अण्णांनी मला समजावलं आणि कागदावर 'बाराच्या आत' असं लिहून खाली रेघ ओढली.

तिकीट बदलायचा विषय मग निघाला नाही. निघायच्या तीन दिवस आधी मात्र नवऱ्याच्या प्लँटचं दुरुस्तीचं शटडाउन लागलं आणि त्याची शुक्रवारची सुट्टी गेली.

"पुढच्या महिन्यात जाऊ, अण्णा," तो म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं.

"हो, हो. काम आधी," म्हणून अण्णांनी कागदाची घडी केली आणि जाऊन खिडकीशी बसले.

गाडी मलाही चालवता येत होती. म्हणजे लायसन्स होतं. पाचव्या टेस्टला पास झाले होते आणि त्यानंतर फक्त दवाखाना आणि सुपरमार्केट एवढंच चालवलं होतं. हायवेवर एकदाही नाही. मी अण्णांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "मी चालवली तर?"

नवरा स्वयंपाकघरातून बाहेर आला. "अगं, पाचशे किलोमीटर!"

अण्णांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "ओव्हरटेक करतेस का?"

"नाही."

"मग चालेल. कोणालाही मागे टाकायचं नाही. तू ड्रायव्हर, मी कंडक्टर."

शुक्रवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, मागच्या सीटखाली पाण्याच्या दोन पेट्या, टायरची हवा आदल्या दिवशीच बघून घेतलेली. अण्णांनी डॅशबोर्डवर दोनदा टकटक करून डबल बेल दिली. शहर सुटलं आणि मुसफाच्या पुढे धुक्याने आम्हाला गिळलं. फेब्रुवारीत असं धुकं पडतं हे मला ठाऊक होतं, पण मी ते नेहमी नवव्या मजल्यावरून पाहिलेलं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसत आणि नाहीसे होत. माझे हात स्टिअरिंगला चिकटून बसले.

"पुढचा पंप दिसला की आत घे," अण्णा शांतपणे म्हणाले.

"पण टायमिंग?"

"टायमिंग मी लावलंय, मीच मोडतो. धुक्यात गाडी सोडायचा हुकूम कुठल्याच डेपोत नाही."

त्या पंपावर आम्ही दोन तास थांबलो. दुपारचे धपाटे सकाळीच संपले. अण्णा नातीला घाटातल्या धुक्याच्या गोष्टी सांगत होते आणि ती चक्क मराठीत प्रश्न विचारत होती. ऊन वर आलं, धुकं फाटलं, आणि आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. तारीफनंतर दक्षिणेला वळलो तेव्हा रस्ता मोकळा झाला. सुरुवातीला मी ऐंशीच्या वर जात नव्हते. हळूहळू खांदे सैल झाले. दोन्ही बाजूंना वाळू आधी पांढरट होती, मग पिवळी, मग लालसर. एका ठिकाणी रस्त्यावर वाळूची जीभ आली होती. "ब्रेक नको," अण्णा म्हणाले, "पाय काढ फक्त." गाडी किंचित हलली आणि पलीकडे गेली. मी मोठ्याने हसले. कशाला ते मलाच कळलं नाही.

लिव्याच्या पंपावर पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. टाकीत पाव पेट्रोल आणि पंपावर साखळी. शेजारचं दुकान बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मशिदीच्या भोंग्यातून नमाजाआधीचा खुतबा, म्हणजे प्रवचन, ऐकू येत होतं.

अण्णा साखळीकडे बघत उभे राहिले. "जुम्मा," ते म्हणाले. "तो उन्हाचं सांगत नव्हता गं. नमाजाचं सांगत होता. मला एवढं कळलं नाही?"

"होतं असं, अण्णा."

"नाही होत. वेळापत्रकात आठवड्याचा बाजारसुद्धा धरावा लागतो. इथं चुकून कसं चालेल?" त्यांचा चेहरा पडला. खिडकीशी बसलेले अण्णा परत आले की काय, असं मला वाटलं.

आम्ही मशिदीच्या भिंतीच्या सावलीत गाडी लावून बसलो. नमाज सुटला, माणसं बाहेर पडली. पांढऱ्या दाढीचा एक अरब म्हातारा गाडीपाशी थांबला. आधी नातीकडे, मग अण्णांच्या पांढऱ्या गांधी टोपीकडे पाहून त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, "हिंदी? इंडिया? पेट्रोल?" अण्णांनी मान हलवली. त्याने हाताची पाच बोटं जुळवून 'जरा धीर धरा' अशी खूण केली आणि मग समोरच्या खजुराच्या बागेकडे हात दाखवला. "गहवा. यल्ला." कॉफीला चला म्हणत होता.

बागेत पाटाने पाणी खेळत होतं. चटईवर बसवून त्याने आम्हाला छोट्या पेल्यांत कॉफी दिली, खजुराची थाळी पुढे सरकवली. अण्णा पाटात हात बुडवून बघत होते. पाणी कुठून येतं, पाळी कशी लागते, हे सगळं त्यांनी खुणांनी विचारलं आणि म्हाताऱ्याने खुणांनीच सांगितलं. मग म्हाताऱ्याने विचारलं, "मदाम? घर?"

अण्णांनी वर आकाशाकडे बोट केलं.

म्हाताऱ्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि तसंच वर बोट केलं. मग त्याने अण्णांचा पेला पुन्हा भरला.

पंप उघडला तेव्हा एक वाजून गेला होता. परत फिरायची वेळ टळली होती. टाकी भरल्यावर मी अण्णांकडे पाहिलं. बागेमागे लाल टेकडीएवढी वाळू उभी होती आणि लेक तिच्याकडे टक लावून बघत होती.

"चढा," अण्णा म्हणाले. "अर्धा तास. जावयांना फोन करून उशीर होतोय म्हणून कळवू."

तेही चढले. चपला हातात घेऊन, दर दहा पावलांना थांबत, नातीचा हात धरून. वर पोचल्यावर तिघांनीही बराच वेळ पलीकडे पाहिलं. टेकड्यांमागे टेकड्या, दुसरं काही नाही. लेक म्हणाली, "आजोबा, सी? नथिंग."

"कुठं नथिंग? केवढं आहे की," अण्णा म्हणाले आणि धापा टाकत खाली बसले. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आईला मी एवढ्या वर्षांत कुठं नेलं नाही. गाडीवर असायचो ना, सुट्टीला कंटाळा यायचा." मी त्यांच्या शेजारी बसले. वाऱ्याने वाळू घोट्यांवर येत होती.

संध्याकाळी सहाला आम्ही घरी पोचलो. सगळा रस्ता गाडी मीच चालवली आणि परतीच्या वाटेवर एका पाण्याच्या टँकरला मागे टाकलं. तेव्हा अण्णा झोपलेले होते. मी ते त्यांना कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, आमच्याकडे तेव्हा कामाचाच वार. नवरा कामावर, लेक शाळेत. जेवणाच्या वेळी अण्णा घरात दिसेनात म्हणून मी घाबरून खाली गेले. बागेतल्या बाकावर ते दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसले होते, एक गुजराती, एक मल्याळी. अण्णा हात हलवत हिंदीत सांगत होते, "रेती आया तो ब्रेक नहीं मारने का. पाँव निकालने का फक्त." गुजराती आजोबांनी पूर्व किनाऱ्यावरच्या गावाचं विचारलं, फुजेरा कितना दूर? अण्णांनी मला येताना पाहिलं आणि हात वर केला.

"तू जेवून घे," ते म्हणाले. "मला वेळ लागेल."